डबा आहे तोवर लाईन नाही

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या शेजारची सीट रिकामी होती आणि नगरपर्यंत रिकामीच राहिली. मला ते सोयीचं पडतं, पिशवी ठेवता येते. गाडीवरची पाटी अहिल्यानगरची होती, कंडक्टर मात्र "नगर, नगर" असंच ओरडत होता.

माझं काम फिरतीचं आहे. वीज उपकेंद्रांतली यंत्रं आता लांबून, इंटरनेटवरून चालू-बंद करता येतात. भलत्याच माणसालाही ती चालवता येतील अशी फट कुठे राहिली आहे का, ते मी बघते. फट जवळपास नेहमी सापडते. त्यामुळे माझ्या येण्याचा आनंद कुणाला होत नाही.

नगरला गाडी बदलून राहुरीला उतरले. उसाच्या हंगामात हा रस्ता ट्रॉल्यांच्या मालकीचा असतो. चौकात बायका वाढं (उसाचा हिरवा शेंडा) विकायला बसल्या होत्या. रिक्षावाल्याला उपकेंद्रात जायचं म्हणाले, तर त्याला कळेना.

"पावरहाऊस म्हना की. पन तिथं साहेब न्हाई सापडायचा. मंगलताई असत्यात."

"मला त्याच हव्यात."

"मिस्टर न्हाईत बरूबर?"

"नाहीत."

"मग येताना चालत येऊ नका. उसात बिबट्या हाय."

मुळा धरणाच्या बाजूला दोन्हीकडे ऊस, मध्ये कच्चा रस्ता. उपकेंद्र म्हणजे तारांचं कुंपण, गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर आणि एक खोली. रिक्षा धूळ उडवत परत गेली आणि मागे ती गुणगुण तेवढी उरली.

मंगलताई इथल्या ऑपरेटर. वय माझ्याएवढंच. पाळीभर त्या खोलीत एकट्याच असतात. त्यांनी आधी पाणी दिलं, मग मी कोणत्या गावची ते विचारलं. मी पॅनलकडे पाहिलं. एका लाईनच्या ब्रेकरच्या, म्हणजे मोठ्या खटक्याच्या हँडलला जेवणाचा डबा लटकवलेला होता.

"हा कुणाचा?"

"भाऊसाहेब वायरमनचा. लाईनवर गेलाय. आमची पद्धत हाय. खांबावर चढायच्या आधी डबा हितं अडकवायचा. डबा असंस्तवर (असेपर्यंत) लाईन चालू करायची न्हाई. तो आला, डबा काढला, मग लाईन."

"आणि तो विसरला तर?"

"भूक लागल्यावर कोन इसरतंय बाई?"

पद्धत मला आवडली. पाटीपेक्षा डबा बरा, पाटीची सवय होते. त्या दिवशी मात्र सगळी भिस्त त्या डब्यावरच होती. लाईन हाताने तोडायचा बाहेरचा दांडा गंजून अडकला होता. ब्रेकर बंद होता म्हणून भाऊसाहेब सुरक्षित होता.

पॅनलच्या बाजूला एक छोटी पेटी होती, आत मोबाईलचं सिम. यंत्रं बसवणाऱ्या कंपनीने लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून लावलेली. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच होता. तो कुणालाही शोधून सापडतो. हे मला अपेक्षितच होतं.

मंगलताईंनी पेटीवरचा हिरवा दिवा दाखवला. "ह्यो लुकलुकला की समजायचं, कंपनीचे साहेब आत आल्यात. लई चांगला माणूस. रोज येतो. मी एकटीच असते ना, मग मीबी म्हनते, या साहेब, जेवलात का."

"बोलतात ते?"

"न्हाई. पन सोबत वाटते. आन त्याला सगळं दिसतंय, डबाबी दिसतोय."

पेटीला कॅमेरा नव्हता. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस कंटाळलेला होता. "मॅडम, ते काम आम्ही केव्हाच सोडलं. त्या पेटीत आमचं कुणी जात नाही."

मी फोन खाली ठेवला आणि दिवा लुकलुकायला लागला.

मंगलताईंचा चेहरा उजळला. मी उठले. पॅनलवर एक गोल खटका असतो. तो एका बाजूला असला तर यंत्र लांबून चालतं, दुसऱ्या बाजूला असला तर फक्त खोलीतून. साहेबांना अडचण नको म्हणून मंगलताई तो कायम लांबच्या बाजूला ठेवत. मी तो फिरवला. पेटीची वायर उपटायला वाकले, तेवढ्यात पॅनलच्या पडद्यावर ओळ उमटली. डबा अडकवलेल्या लाईनला "चालू" असा हुकूम आला होता. खालच्या ओळीत होतं, "नाकारला".

मी वायर उपटली. दिवा विझला. हुकूम मुद्दाम दिला होता की कुणी सहज बटण दाबून पाहिलं, ते कळायला मार्ग नव्हता.

मंगलताईंनी ओळ दोनदा वाचली. मग फोन उचलला. आवाज अगदी साधा होता.

"भाऊसाहेब, खाली उतर."

"काम अर्धं हाय ताई."

"ऱ्हाऊ दे. मी म्हनते म्हनून उतर. न्हाईतर तुझा डबा मी खाते."

तो येईपर्यंत त्या हँडलजवळ उभ्या होत्या, डब्यावर हात ठेवून. तो आला, कुरकुरला, डबा घेऊन झाडाखाली बसला. त्याला काय झालं असतं ते त्याला मीच सांगितलं. तो चावायचा थांबला, मग पुन्हा चावू लागला. मंगलताईंनी एवढंच विचारलं, "मग इतके दिवस कोन हुतं?"

माहीत नाही म्हणून सांगितलं.

मग त्यांनी आपल्या डब्यातली हुलग्याची शेंगोळी मला खायला लावली. निघताना त्या म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करा."

मुक्काम नगरला होता. संध्याकाळी भिंगारच्या जुन्या बाजारातून एक चक्कर मारली, उगीचच. खानावळीतल्या माणसाने "किती जण?" विचारलं, मी एक बोट वर केलं. त्याने समोरचा पाण्याचा पेला उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, पिशवी रिकामी केली. मी आजवर शेकडो पेट्या बंद केल्या असतील. एखादी बंद करताना कुणाची सोबत तोडते आहे असं कधी वाटलं नव्हतं. इथे तसं वाटलं, तरी ती बंदच करायला हवी होती. सोबत हवी म्हणून दार उघडं टाकता येत नाही, आणि हे मी माझ्या घरातही पाळते. पोचल्याचा फोन मी एरवी कुणाला करत नाही. केला.

"कोन?" पलीकडून कडक आवाज आला.

"मी. काल आले होते ती, पुण्याची."

"कशावरून?"

मी जरा विचार केला. "तुमच्या शेंगोळ्यांत लसूण जास्त झाला होता."

पलीकडे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण चालू होती.

"मग तुमीच," मंगलताई म्हणाल्या. "पोचलात ना? ठेवा आता. मानूस लाईनवर हाय."