वकिलीणबाईंच्या घरचं अत्तर

परवा नातीनं अत्तराची बाटली उघडली अन् मला वकिलीणबाईंची बैठक आठवली. सत्तर सालच्या पुढची गोष्ट, परभणीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांना बोलावणाऱ्या त्याच पहिल्या. माझी थोरली बहीण, अक्का, विसाव्या वर्षी विधवा झालेली. तिच्या मनगटाला बाईंनी सगळ्यांदेखत अत्तर लावलं, तर अक्कानं दोन दिवस तो हात धुतला नाही बघा. हळूहळू शहरातल्या बाकीच्या घरीही विधवांना बोलावणं जायला लागलं. मग वकीलसाहेब वारले. तरी संक्रांतीला बाईंचं बोलावणं आलंच. मी जरीचं लुगडं नेसून निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "विधवेला बोलवणं येगळं अन् विधवेच्या हातचं वाण घेणं येगळं. नवरा हाय न्हवं तुला?" मी लुगडं सोडून घडी घातली. अक्का एकटीच गेली. परत येऊन म्हणाली, "सगळ्या सतरंज्या हातरल्या होत्या गं. दोघीच बसलो. तिनं मला लावलं, मी तिला." पुढच्या वर्षी अक्काला कुणाच्याच घरून बोलावणं आलं नाही. आता आमचे मालक जाऊनही बारा वर्षं झाली. नात म्हणाली, "आजी, हात दे." मला हात पुढं करवला नाही.