अमरावती ते अकोला: तीन चेन, एक दुकान आणि विसरलेला गुरुवार

दीपाच्या दुकानासमोरच्या रांगेचा फोटो मी मोबाईलवर मोठा करून पाहिला. रांगेतले लोक खरोखरचे गिऱ्हाईक आहेत की उद्घाटनाला बोलावलेले नातेवाईक, हे मला बघायचं होतं. रांगेत दप्तरं घेतलेली मुलं होती, आणि नातेवाईक असे शाळेच्या दप्तरासकट येत नाहीत. मग मी पुणे-अमरावती स्लीपर बसचं तिकीट काढलं.

ब्लॉगवर मी कारण वेगळं दिलं होतं. अमरावती आणि अकोल्यात आता फ्राइड चिकनच्या मोठ्या चेन आल्या आहेत, तिथे जाऊन तुलना करणार, असं. तेही खरंच आहे. मी फूड टेक्नॉलॉजी शिकले, आणि पुण्यातल्या ज्या कंपनीत काम करते तिथे चिकनवर लावायचं कोटिंगचं पीठ बनतं. यातल्या एका चेनला ते पीठ आम्हीच पुरवतो. म्हणून इथे कुठल्याही चेनचं नाव येणार नाही. मला नोकरी हवी आहे.

दीपा माझी अमरावतीच्या कॉलेजातली रूममेट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही दोघींनी मिळून केला होता: तळल्यावर जास्त वेळ कुरकुरीत राहील असं कोटिंग. फॉर्म्युला माझा होता, तळण तिचं. मग मी पुण्याला गेले आणि ती पातूरजवळ आपल्या गावी. तिचे वडील भाजीपाला पिकवतात आणि अकोल्यात विकतात. आता तिचं अकोल्यात ‘करकरीत’ नावाचं फ्राइड चिकनचं दुकान आहे, नुकतंच दुसरंही झालं, आणि तिसरं अमरावतीत निघणार आहे. माझ्याकडे ओळखपत्र आहे आणि दिवाळीला मिळणारा सुक्या मेव्याचा डबा.

मला एकच गोष्ट शोधायची होती. तिच्या चिकनवरचं पीठ माझं आहे का?

बुधवार, अमरावती

बसचे साधारण बाराशे रुपये. सकाळी राजापेठला उतरा आणि थंडीचे दिवस असतील तर शाल वरच ठेवा. मी मावशीकडे उतरले. काका वकील, आजोबा पौरोहित्य करायचे, घरात अंडंसुद्धा येत नाही. मी ऑफिसच्या कामाने आले आहे, असं सांगितलं.

मावशी चहा गाळत म्हणाली, “कशाचं काम आहे ते मला सांगू नकोस. आत येण्याआधी अंगणातल्या नळावर हात धू. म्हणजे मला कळलं नाही, असं मी धरून चालेन.”

सकाळी चौकातल्या गाडीवर गिला वडा खाल्ला. अमरावतीत येऊन तो न खाता परत जाऊ नका. वर दही, चटणी, आणि दुसरी चटणी मागितली तर गाडीवाला ओळखीचं हसतो.

पद्धत आधी सांगते, म्हणजे वाद नको. प्रत्येक ठिकाणी दोन पीस. एक लगेच खायचा. दुसरा झाकण लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग खायचा. गरम असताना सगळंच चांगलं लागतं. झाकणाखालच्या वाफेत कोण टिकतं, ती खरी परीक्षा.

पहिली चेन मॉलमध्ये. कवच जाड, खवल्यांसारखं, पहिल्या घासाला मोठा आवाज. दहा मिनिटांनंतर आवाज निम्मा, आतला रस मात्र चांगला. दुसरी चेन बडनेरा रोडवर, स्वस्त, दोनशेच्या आत पोट भरतं. मसाला पुढे, मांस मागे. दहा मिनिटांनी कवच मोज्यासारखं निघून आलं. शेजारच्या टेबलावर एक बाई मुलाला सांगत होत्या, “खाऊन घे लवकर, थंड झालं का मंग तुया बापालेच द्या लागते.” माझी सगळी चाचणी त्यांनी एका वाक्यात उरकली होती.

पहिली चेन पुढे. दोन्हींत नवं काही नाही. मला बरं वाटलं. नवं काही नसलं की माझं काम ठीक चाललंय, असं वाटतं.

गुरुवार, अकोला

अमरावतीहून अकोल्याला एसटीने जा. रस्ता आता चौपदरी आणि सरळ आहे, दोन तासांच्या आसपास लागतात, आणि बायकांना अर्धं तिकीट. मूर्तिजापूरला बस थांबते तेव्हा चहा मिळतो. दोन्ही बाजूंना तूर फुलात होती, मधूनमधून वेचणीला आलेला कापूस. कापसाची गाडी पुढे असली की ड्रायव्हर काही केल्या ओव्हरटेक करत नाही, तेव्हा घाईची वेळ ठरवू नका.

दुपारी तिसरी चेन. आत कोणीच नव्हतं. काउंटरवरची मुलं मोबाईल बघत होती. चिकन बराच वेळ गरम पेटीत राहिलेलं, कडा चिवट, कवच मात्र दहा मिनिटांनंतरही जागेवर. मी मनात नोंद केली: अकोल्यात फ्राइड चिकनला मागणी कमी. नंतर या नोंदीचं काय झालं, ते पुढे येईलच.

दीपाला मी कळवलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणून जायचं, खायचं, ठरवायचं आणि मग ओळख द्यायची, असा बेत. गोरक्षण रोडला रिक्षाने गेले, तर रांग खरीच. फोटोतल्यापेक्षा लांब. त्यात आजीबाई होत्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. रेशमी कुर्त्यातले एक गृहस्थ होते, कपाळावर अष्टगंध. मला वाटलं, आपण चुकीच्या रांगेत आलो.

काउंटरवर दीपा. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि हातातला झारा तसाच ठेवून म्हणाली, “मुक्ते. तू कावून रांगेत वं?”

“दोन पीस दे,” मी म्हणाले.

“कशाचे? आज गुरुवार हाय.”

तिच्या मागे बघितलं. चिकनचे फ्रायर पांढऱ्या कापडाने झाकलेले. बाजूला वेगळी शेगडी, वेगळी मोठी कढई, तिच्या कडीला झेंडूचं फूल बांधलेलं. त्यात वांग्याचे जाड काप आणि फुलकोबीचे तुरे तळत होते. रांगेतल्या आजीबाईंनी दीपाला विचारलं, “कढई तीच ना वं, गुरुवारची?” दीपाने फूल दाखवलं. आजीबाईंनी पैसे काढले.

वऱ्हाडात बहुतेक घरी गुरुवारी सामिष खात नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी गुरुवारी डबा वेगळा आणायच्या. तरी प्रवास आखताना मी हॉटेलांच्या वेळा पाहिल्या, बसच्या वेळा पाहिल्या, वार पाहिला नाही.

दीपा हसली. “तुले कसा आठवंल? तुमच्या घरी सातही वार गुरुवारच.”

तिसऱ्या चेनमध्ये मागणी का कमी होती, तेही तेव्हा कळलं. मी मनातली नोंद खोडली. चेनच्या मेन्यूत गुरुवार नसतो. आमच्या कंपनीच्या हिशोबातही नसतो. मी पाच वर्षं पीठ बनवते आहे, आणि आठवड्यातल्या एका दिवशी माझं अर्धं गिऱ्हाईक उपाशी जातं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. तिच्या आलं. मला वांगं तोंडात घालायच्या आधीच कडू लागलं.

वांगं मात्र कडू नव्हतं. बाहेर कडक, आत लोण्यासारखं. पन्नास रुपयांची प्लेट. कवचाला थोडा खरखरीतपणा, मला ओळखता येईना असा.

मागे एक गृहस्थ पोत्यावर बसून वांगी कापत होते. दीपाचे वडील. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“थेच का हे, पीठवाली पोरगी?”

मी दीपाकडे पाहिलं. ती कढईकडे पाहत होती.

“हो बाबा. तिच्याच फॉर्म्युल्यानं सुरू केलतं आपण.”

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. मला आनंद झाला. बसमध्ये मी ज्या रागाची तयारी केली होती, तो आला नाही. आनंद झाला. म्हणजे रांग माझी होती. आजीबाई, अष्टगंधवाले गृहस्थ, दप्तरवाली मुलं, सगळी माझी. तिने मला न विचारता घेतलं, तर घेऊ दे. मी मोठ्या मनाने माफ करायच्या बेतात होते.

“मग?” मी विचारलं.

“सहा महिने चालवला. मंग बंद केला.”

“का?”

“चालला नाही वं.” तिने काप उलटवले. “लोक खायचे, चांगलं हाय म्हणायचे, अन् परत यायचे नाही. एका कॉलेजच्या पोरीनं सांगितलं मले. ताई, हे त थेट चेनसारखं लागते. मंग आमी चेनमध्येच जातो ना, तिथं एसी तरी हाय.”

वडील वांगी कापतच म्हणाले, “पीठ वाईट नव्हतं बाई. पण कोनाचंबी वाटे.”

ऑफिसमध्ये आमचं पीठ थेट चेनसारखं लागलं की आम्ही पेढे वाटतो.

“गुरुवारचं कोणी सुचवलं?” मी विचारलं. मला वाटत होतं, निदान ते तरी दुसऱ्या कोणाचं असावं.

“बाबानं. दुकान गुरुवारी बंद राहे. अन् वांगी त शेतात गुरुवारीबी येते. म्हणे, याले तळ. कढई नवी घे, म्हणे.”

शुक्रवार

रात्री तिच्या अकोल्यातल्या घरी राहिले. ती म्हणाली, शुक्रवारचं चिकन खाल्ल्याशिवाय तुझी तुलना पुरी होत नाही, आणि ते खरं होतं. सकाळी तिच्या गाडीतून पातूरला बाबांच्या शेतातली बाजाराची भाजी आणायला गेलो. तासाभराचा रस्ता. जवळच्या जुन्या लेण्या पाहायला वेळ काढा, गर्दी नसते. आम्ही गाडीतूनच पाहिल्या, कारण वांगी थांबत नव्हती.

वाटेत तिला पीठ काय आहे ते विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं. ज्वारी, घरच्या जात्यावर जाडसर भरडलेली. चिकन मुरवायला ताक आणि ठेचा. आणि तेल सरकीचं. कापसाच्या मुलखात सरकीचं तेल, इतकी साधी गोष्ट. प्रोजेक्टच्या वेळी तिने हे तेल सुचवलं होतं. मी म्हणाले होते, वास येतो. तिने मला आठवण करून दिली नाही. मलाच आठवलं.

दुपारी फ्रायरवरचं कापड निघालं. दोन पीस, एकशे वीस रुपये. एक लगेच. दुसरा झाकणाखाली दहा मिनिटं. दीपा समोर बसली होती, घड्याळाकडे न बघता.

झाकण काढलं, चावा घेतला. आवाज आला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं.

“काय म्हणते?” दीपाने विचारलं.

“ठीक आहे,” मी म्हणाले.

“मंग अजून एक खा.”

मी खाल्ला. तोही ठीक होता.

निघताना तिने पिठाची एक पिशवी दिली, किलोभर. “घेऊन जा. तुया लॅबमध्ये तपास.” तिने असं सहज द्यावं, याचाच मला जास्त राग आला. एखाद्याला हेवा करायचीही सोय ठेवू नये, म्हणजे काय.

पुणे

आता निकाल, कारण तुम्ही त्यासाठी इथवर वाचलंत. चेनमध्ये पहिली सर्वात चांगली, तिसरी त्या खालोखाल, पण तिसरीत गुरुवारी जाऊ नका. दुसरी फक्त गरम असताना. या सगळ्यांच्या वर दीपाचं दुकान, बऱ्याच अंतराने. हे शेवटचं वाक्य लिहायला मला प्रवासाहून जास्त वेळ लागला.

मावशीचा परवा फोन आला. अमरावतीत नवं दुकान निघतंय म्हणे, राजापेठलाच, पाटी लागली.

“गुरुवारी कढई वेगळी असते ना त्यांची?” तिने विचारलं.

“असते.”

“मग मी जाईन बाई. तुझी मैत्रीण आहे म्हणून नाही. वांगी चांगली असतात म्हणतात.”

माझ्या पिठाच्या वाटेला मावशी पाच वर्षांत कधी गेली नाही.

पिशवी महिनाभर ऑफिसच्या कपाटात होती. एका दुपारचं काम आहे, चाळणी, ओलावा, कणांचा आकार, सगळं कळेल. मी तपासलं नाही. जे तिने गाडीत बसून सांगितलं, त्याहून वेगळं काही निघणार नाही, हे मला माहीत होतं, आणि तेच मला कागदावर नको होतं.

मग पिशवी घरी आणली. गेल्या गुरुवारी मंडईतून वांगी आणली, काप केले आणि तळले. एक प्लेट झाकणाखाली ठेवली, दहा मिनिटं. चांगली झाली. तिच्यासारखी नाही झाली. तेल सरकीचं नव्हतं, एवढं एकच कारण मी सध्या मान्य करते.