जागृतीबाईंची चौदा माणसांची रांग

बुधाची पोर जागृती पाड्यातली पहिली मास्तरीण. आई गंगूनं वडपे गावच्या गोडाऊनात उभ्यानं ड्युट्या करून तिला शिकवली. आन् नशीब बघा, शाळा मिळाली ती आपल्याच पाड्याची, दिघाशी गावाच्या अंगाला. चौथीचा वर्ग, बारा पोरं.

बाकी सगळं जमायचं, इतिहासाला गाडी अडायची. पोरांना जुनं म्हंजे सगळं एकच. केसरीनाथ साहेब तपासणीला आले, त्यांनी इचारलं, "किल्ले बांधणारा राजा कधी होऊन गेला?"

भावेश ताठ उभा. "आमचे दाजी बारके व्हते ना, तवा!"

दाजी म्हंजे पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस. साहेब काय हसले न्हाईत. "बाई, महिन्यानं परत येतो. तेव्हाही असंच असलं, तर हा वर्ग दुसऱ्याला देणार."

जागृतीनं घरी येऊन आईला सांगितलं. गंगू बोलली, "घोकून घे ना पोरांकडून."

"घोकतील गं आये. पन समजंल काय?"

त्याच हप्त्यात घरी नव्या भाताचा निवद. आपल्यात नवं खायच्या आधी मेलेल्या मोठ्यांना नावानं बोलवायची रीत. बुधानं चुलीम्होरं बसून हाका मारल्या. बाप, आजा, पणजा, त्याच्या म्होरला. जागृती ऐकता ऐकता उठून उभीच राहिली. ही नावं तर पोरापोराला पाठ हायेत!

दुसऱ्या दिशी तिनं पोरं रांगेत उभी केली. "एक माणूस म्हंजे एक पिढी. पंचवीस वरसं. चार माणसं झाली का शंभर." पोरं खूष. रोज रांग, रोज हाका.

महिन्यानं साहेब आले. तोच सवाल, आन् भावेशलाच.

भावेश म्होरं आला. त्यानं एकेका पोराला हात धरून रांगेत उभा केला. "ह्यो माझा आजा, तवा रोड नव्हता. ह्या चौथ्याचे टायमाला गोऱ्यांचं राज." म्होरची नावं सरली. "याचं नाव कुणाला याद न्हाय साहेब, पन तो व्हता. नसता तर मी कुठला?" अकरा पोरं संपली, रांग दाराभायेर गेली, तरी राजा आला न्हाय. खिचडी शिजवणारी सीताबाई पदराला हात पुसत उभी राहिली. वट्यावरचे दाजी काठी टेकत आले. तेरा.

"अजून एक पाहिजे," भावेश बोलला, आन् त्यानं साहेबांचाच हात धरला.

"अरे, मी?"

"उभे राव्हा ना, हलू नका! चौदा. साडेतीनशे वरसं. तुमच्यापाशी राजा!"

सीताबाई खदखदली. "दाजी, बघा, तुम्ही राजाला भेटलेच न्हाईत!"

"एका माणसानं चुकलो गं!" दाजी बोलले.

साहेब उन्हात उभे, आन् पोटभर हसले. मंग जागृतीकडं वळून बोलले, "बाई, हा वर्ग तुमचाच."

म्होरल्या महिन्यात त्यांनी चार शाळांचे गुरुजी हे शिकवणं बघायला धाडले. गुरुजी खुर्च्या शोधाया लागले. जागृती बोलली, "खुर्च्या न्हाईत, गुरुजी. रांगेत या."