मागच्या चाकांचा नकाशा

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये गाडी उभी असते. दुपारी पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे तिच्यावर पडतात आणि हळूहळू सरकत जातात, तेव्हा वाटतं तीच चालली आहे.

ती माझ्या नवऱ्यानं बांधायला घेतली होती. दोन माणसांपुरती, बुटकी, पळणारी गाडी. इतकी हलकी की तिचा नुसता सांगाडा आम्ही दोघं उचलून वळवत असू. पुढची चाकं बसली होती. एका जुन्या छोट्या मोटारीचं इंजिन सीटच्या मागे बसलं होतं. मागची चाकं तेवढी राहिली होती.

राहिली, कारण त्याला ती एकमेकांपासून मोकळी हवी होती. जीपची मागची दोन्ही चाकं एकाच जाड दांड्याला असतात. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलतं. जड गाडी ते दाबून नेते, हलकी गाडी इकडच्या लांजीच्या खडबडीत रस्त्यावर नाचत सुटते. "एकाले ठेच लागली त दुसऱ्यानं काहून लंगडाचं?" असं तो म्हणायचा.

कागदावर काढणं त्याला जमत नसे. भरवेलीला खाणीच्या वर्कशॉपात तो कामाला होता, तिथे खऱ्या मापाच्या रेघा जमिनीवर मारून मग पाइप कापायची सवय लागलेली. शेडची जमीन मातीची, सारवलेली. तिच्यावर त्यानं खडूनं गाडीचा मागचा भाग काढला. प्रत्येक चाकाला धरायला दोन त्रिकोणी हात, एक वर, एक खाली. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला धरणाऱ्या हाताला इकडचे मिस्त्री चिमटा म्हणतात, म्हणून तोही यांना चिमटेच म्हणायचा. माझ्या सासूबाई चहा घेऊन येत आणि विचारत, इतके चिमटे लावून पोळ्या किती भाजणार आहेस.

पावसाळा सरता सरता तो तापानं गेला.

तेरवीच्या आधी घर सारवून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शेड दुसऱ्या कोणाला सारवू दिली नाही. लेकाच्या जागेवर परका हात नको, म्हणाल्या. खडूच्या रेघा त्यांना दिसल्या होत्या. काम करता करता मारलेल्या रेघोट्या असतील असं त्यांना वाटलं. मी आतल्या खोलीत होते. तेरवीला त्याच्या वर्कशॉपातला मित्र आला, शेडच्या दारात उभा राहिला आणि सहज विचारून गेला, नकाशा कुठे गेला? जमीन हिरवीगार, गुळगुळीत होती. आई माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

त्या दिवसापासून त्यांनी शेणात हात घातला नाही. अंगण तसंच उकलत गेलं. नळावर जायचं तर शेड टाळून लांबून जात. एकदा भाजी निवडता निवडता खाली बघतच म्हणाल्या, "माह्या हातानं पुसलं व बाई. पोरगं दोनदा गेलं."

मला गाडी हवी होती असं नाही. मला चालवताही येत नाही. पण त्या बाईला तिचे हात परत मिळायला हवे होते. मी त्याची गाड्यांवरची दोन जाड इंग्रजी पुस्तकं काढली आणि शब्दकोश घेऊन बसले.

शाळेत शिकवून आल्यावर थोडं थोडं वाचायचे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चिमटे केले, टाचण्यांवर फिरवले. पुठ्ठ्याचं चाक वर-खाली व्हायला लागलं आणि मी ते उगाच बराच वेळ हलवत राहिले. चाक सरळ वर जातच नाही. ते एका मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडा चालून जातं. वरचा चिमटा आखूड, खालचा लांब. त्यामुळे गाडी वळताना झुकली तरी चाक बरंचसं उभं राहतं. शिवाय त्याचं तोंड सरळ राहावं म्हणून एक बारीक दांडी लागते. माझी दांडी आखूड झाली. चाक वर गेलं की शेजारच्या गल्लीतून कोणी हाक मारल्यासारखं तोंड वळवायचं. वेगात असं झालं तर गाडी स्वतःच्या मनानं जाणार. बऱ्याच दिवसांनी कळलं की दांडी खालच्या चिमट्याइतकीच लांब आणि त्याच्याच कलानं हवी, म्हणजे दोघांचं वर्तुळ एक होतं. मग पुठ्ठ्याचं चाक पुढे बघत वर गेलं आणि पुढे बघतच खाली आलं.

एका रविवारी खडू आणि सुतळी घेऊन मी जमिनीवर बसले. सुतळीचं एक टोक खिळ्याला होतं, दुसरं हातातून निसटत होतं. दारात सावली पडली. आई उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. कितीतरी वेळ त्या रेघा बघत राहिल्या.

"त्याचंच हाय का हे?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना कळलंही नसतं.

"नाही आई. त्याचं मला आठवत नाही. हे माझं आहे."

मला वाटलं त्या परत जातील.

"त्याच्यासारखं चालन का पण?"

"माहीत नाही. करून बघावं लागेल."

"मंग सुतळी अशी ढिली काहून धरली व?" असं म्हणून त्या आत आल्या, गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि त्यांनी टोक धरलं.

पाइप त्याच्या मित्रानं त्या रेघांवर ठेवूनच कापले आणि जोडले. मागे मोटारसायकलचे शॉकअप बसवले. चाकं लागली, गाडी पहिल्यांदा चार चाकांवर उभी राहिली. आता एकच बघायचं होतं, एक चाक उचललं तर दुसरं कलतं का. आईंनी सकाळच्या कणकेचा गोळा आणला, उजव्या मागच्या टायरवर थापला, त्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी बसवली आणि समोर मांडी घालून बसल्या. मी डाव्या चाकाखाली जॅक लावला.

डावं चाक वर चढत गेलं. शॉकअप दबला, गाडी एका अंगाला किंचित झुकली. मला पलीकडचं दिसत नव्हतं. फक्त जॅकची करकर ऐकू येत होती आणि टिनावर कुठेतरी सुकलेलं पान घसरत होतं. मी हात थांबवला आणि वाट पाहिली.

बऱ्याच वेळानं गाडीच्या त्या बाजूनं आईंचा आवाज आला.

"सांडलं नाही."

वाटी त्यांनी उचललेली ऐकू आली. मग कणीक काढल्याचा आवाज, आणि पदरानं टायर पुसल्याचा. मी जॅक खाली घेऊ लागले तर त्या गाडीला वळसा घालून आल्या, वाटी माझ्या हातात दिली आणि जॅकचा दांडा स्वतःकडे ओढला.

"तू वाटी घेऊन बस तिकडं. आता चाक मी उचलतो."