वळणावर उभा असलेला मी

दौंडला रेल्वेत पॉइंट्समन म्हणून, रुळांचे सांधे बदलण्यात माझी उभी हयात गेली. यार्डात लोकांना काय काय दिसायचं... बिनमुंडक्याचा गार्ड, रुळावर बसलेली बाई! मी त्यांना चहा पाजायचो आणि कामाला लावायचो. या सदरातले भुताखेतांचे अनुभवही मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. आज स्वतः लिहायला बसलोय, कारण माझ्या खोटेपणाची शिक्षा एक भला माणूस भोगतोय.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा पुतण्या संदीप शिरूरला असतो, त्याला सायकलींचं वेड. त्यानं निमोण्याच्या माळावर माउंटन बाईकची रेस ठेवली. माळावर एके ठिकाणी वाट फुटते. डावीकडची रेसची. उजवीकडची थेट जुन्या दगडखाणीच्या काठाला भिडते... ना कठडा, ना कुंपण. आदल्या दिवशी तिथं फक्कीनं बाण मारला होता, तो मेंढरांनी तुडवून पुसला.

"आप्पा, इथं तुम्हीच थांबा," संदीप म्हणाला. "तुमच्याएवढा भरवशाचा माणूस दुसरा न्हाई."

सगळ्यांच्या मागून सलीम यायचा होता. त्याचं शिरूरला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शेवटच्या स्पर्धकाच्या मागं राहायचं, कुणी पडलं-झडलं तर बघायचं, हे त्याचं काम. रेल्वेत शेवटच्या डब्याच्या पाठीवरची फुली दिसल्याशिवाय गाडी गेली असं म्हणत नाहीत. तसं सलीम पुढं गेल्याशिवाय वळण सोडायचं नाही, हा नियम मीच घालून दिला होता.

आणि मीच मोडला.

ऊन चढलं होतं. पुढचे सगळे गेले होते, मागचे थोडे यायचे होते. तेवढ्यात संदीपचा फोन — "आप्पा, पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम हाय, सत्कार आधी उरकून घेतोय. तुमचाबी हाय. सलीम गेला का?"

"गेला की," मी म्हणालो.

उभ्या आयुष्यात कुणी माझ्या खांद्यावर शाल टाकली नव्हती हो... मोटारसायकलला किक मारली आणि निघालो. सायकलची वाट माळाला मोठा वळसा घालून यायची, मी सडकेनं रेस संपायच्या जागी लगेच पोचलो. स्टेजवर मला फेटा बांधला, शाल-नारळ दिला, फोटो काढले.

त्यानंतर बऱ्याच वेळानं मागचे सायकलवाले येऊ लागले. त्यातले पुण्याचे एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत माझ्याकडे आले.

"मानलं आप्पा! आम्हाला वळणावर वाट दाखवली आणि आमच्याआधी इथं हजर?"

"मी दाखवली?"

"मग कोणी? चांगला फेटा घालून उभे होतात! मित्राला म्हटलं, अरे, आपण रेसला आलोय की वरातीला?"

सगळे हसले. मीही हसलो. मग हात फेट्याकडं गेला. फेटा तर मला या स्टेजवर बांधला होता!

शेवटी सलीम आला. एकटाच. दौंडची तेजल म्हणून कॉलेजची मुलगी होती, ती आलीच नव्हती. शोधाशोध झाली. ती खाणीत सापडली — पाय मोडलेला, डोक्याला मार, शुद्ध हरपलेली.

"तू सगळ्यांच्या मागं व्हतास ना? मग ही मागं राहिलीच कशी?" संदीप सलीमवर ओरडला. सलीमनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी म्हणालो, "मी तिला डावीकडंच लावलं. पुढं कुठं भरकटली ते सलीमनं बघायला पाहिजे होतं." कुणाला शंका आली नाही. मागच्यांनी मला तिथं पाहिलंच होतं ना!

दवाखान्यात तेजल शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही उजवीकडं हात केलात ना?"

"न्हाई बाळा. डावीकडं."

ती छताकडं बघत म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल."

तिचा पाय अजून सरळ पडत नाही. सलीमला कुठल्या रेसला कुणी बोलावत नाही. "पोरगी खाणीत टाकून आला," असं दुकानासमोरून जाताना लोक बोलतात.

गेल्या महिन्यात मन खाऊ लागलं, तेव्हा त्याच्या दुकानात गेलो. तो ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. मी सांगून टाकलं — "सलीम, मी तिथं नव्हतोच. तू यायच्या आधीच निघून आलो होतो."

"जाऊ द्या आप्पा, आता कशाला? मी कुणाला बोललो न्हाई, बोलणारबी न्हाई."

"काय बोलला नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, पोरगी डावीकडं गेली, तू हो पुढं म्हणून. वयमानानं चुकतं माणूस. तुमचं नाव कशाला घालवायचं?"

मी त्याच्याजवळ खाली बसलो. "माझा चेहरा बघितलास तू?"

त्याचे हात पाण्यातच थांबले. "चेहरा... न्हाई. तुम्ही खाणीकडं तोंड करून उभा व्हता. दोनदा हाक मारली, वळला न्हाई. पण आवाज तुमचाच व्हता, आप्पा. आन्..."

"आन् काय?"

"हसत व्हता तुम्ही."

त्याच दिवशी संदीपकडं जाऊन सगळं कबूल केलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आप्पा, सलीमची लई दया येतीय तुम्हाला. पण इतक्या जणांनी बघितलंय तुम्हाला तिथं."

म्हणून इथं लिहितोय. सलीमची चूक नव्हती. तेजलचीही नव्हती. वळण मी सोडलं, खोटं मी बोललो. तिथं कोण उभं होतं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. माझं खोटं त्यानं जागेवर उभं राहून खरं करून ठेवलं... आणि आता माझं खरं कुणाला पटत नाही.