आईच्या वळणावर

अजूनही चैत्र आला की मला राजाजीनगरच्या घरातलं हळदीकुंकू आठवतं. आंब्याची डाळ आणि पन्हं घ्यायला येणारी प्रत्येक बाई माझ्या हनुवटीला हात लावून म्हणायची, पोरगी अगदी आईच्या वळणावर गेलीय. शेजारच्या कन्नड आजी माझ्या वेणीत कनकांबराचा गजरा माळता माळता तेच त्यांच्या भाषेत सांगायच्या, "थेट अम्मन थराने." तेच नाक, तीच जिवणी, हसताना बारीक होणारे तेच डोळे. खाण तशी माती, असं म्हणून बायका निघायच्या आणि मी दिवसभर हवेत असायचे. धाकटी बहीण बाबांसारखी, रुंद कपाळाची. तिच्या हाती पन्ह्याचा ट्रे देऊन सगळ्या तिला विसरायच्या.

मी कॉलेजात असताना आई स्तनाच्या कॅन्सरने गेली. मावशी त्याच दुखण्याने आधीच गेली होती. मग घरी येणाऱ्या बायका मला पाहून तेच वाक्य सुरू करत आणि मध्येच थांबत. का थांबतात, ते मला कळायचं. आरशात आई दिसली की आठवणीच्या आधी भीती वाटायची, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. एवढी लाडाची गोष्ट, तीही त्या आजाराने नेली. मी खिडकीकडे तोंड करून वेणी घालू लागले. स्थळं आली की नोकरीचं निमित्त काढून परतवू लागले. आपण आईच्याच वाटेने जाणार, हे मी धरून चालले होते. बहिणीच्या जिवाला मात्र घोर नव्हता. ती बाबांवर गेलेली, म्हणजे सुटलेली.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आईच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. आमच्यासारख्या घरांना आनुवंशिक धोका समजावून सांगणं हे त्यांचं काम. शहरात ते तेव्हा नवीनच होतं. त्यांनी कागदावर आजोळच्या बायकांचे गोल काढले, आई आणि मावशीचे काळे केले. रक्त परदेशी पाठवावं लागेल, म्हणाल्या, आणि खात्रीचं उत्तर हवं तर आधी आजार झालेल्या माणसाचं रक्त पाहिजे. आमच्याकडे ते माणूसच उरलं नव्हतं. मी विचारलं, "पण मी हुबेहूब आईसारखी दिसते ना?"

त्या हसल्या नाहीत. "दिसण्याचा याच्याशी संबंध नाही," त्यांनी सावकाश सांगितलं. "आईकडून काही आलं असेल, तर ते तुमच्यात असण्याची जेवढी शक्यता, तेवढीच हिच्यातही." दोघींनी दरवर्षी तपासून घ्यायचं ठरलं.

आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्याच कॉफी घेतली. बहिणीच्या डोळ्यांना धार लागलेली. शक्यता म्हणजे आजार नव्हे, आपण दरवर्षी बरोबर येऊ, अशी मी तिची समजूत घालू लागले.

"स्वल्प थांब, अक्का," ती म्हणाली. "मी भीतीने रडत नाहीये. मला आजवर वाटायचं, आईचं सगळं तुलाच मिळालं. माझ्या वाट्याला काहीच आलं नाही."

मला तिचा संताप आला. वाटा मागायचा तर कशात, याची काही शुद्ध? मग कॉफी तशीच ठेवून मीही रडले. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला.

आई गेल्यावर बंद पडलेलं हळदीकुंकू पुढच्या चैत्रात आम्ही दोघींनी केलं. स्थळांना उडवून लावणंही मी तोवर सोडलं होतं. शेजारच्या आजी आल्या, सवयीने माझी हनुवटी धरून "थेट अम्मन..." एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात उचलला आणि ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बहिणीच्या हनुवटीला लावला.

"हीसुद्धा, आजी," मी म्हटलं. "हीसुद्धा आईचीच."