उतार पाहून थांबणं

आईच्या तेरवीला पानं मांडलेली असताना मी बाबांना सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "तुम्ही सकाळीच दवाखान्यात नेलं असतं तर ती आज असती." बाबांनी हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन बसले. मी तापट आहे हे आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. एकदा बोलून जाते आणि मग आठ-आठ दिवस स्वतःलाच खात बसते. पण ते वाक्य मात्र मी मागे घेतलं नाही.

बाबा गावाकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एकटे राहतात. मी जळगाव जामोदला, नव्या प्लॉटांमध्ये. तहसीलमध्ये कारकून आहे. दोन घरांमध्ये फार तर नऊ किलोमीटर. बाबा जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, पण लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे आणि बाबाही ते कधी दुरुस्त करत नसत. तीस वर्षं मोटरसायकलवर औषधाची पेटी बांधून ते खेडी फिरले. आई होती तेव्हा दर रविवारी दोघं माझ्याकडे यायचे, जेवायचे, आणि उन्हं कलली की निघायचे.

तेरवीनंतरही बाबा दर रविवारी आले. घरात मात्र आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज यायचा, मी हात पुसत बाहेर येईपर्यंत फाटकाच्या सळईला पिशवी लटकलेली असायची आणि बाबांची पाठ दिसायची. गाडी माणसाच्या चालीनं चाललेली, पण थांबलेली नाही. पिशवीत कधी वांगी, कधी अंबाडी, कधी शेवग्याच्या शेंगा. फोन करून विचारलं की म्हणायचे, "घाई होती." रिटायर झालेल्या माणसाला रविवारी कसली घाई, हे मी तोंडावर विचारलंसुद्धा. ते "हाव" म्हणाले, म्हणजे "हो", आणि फोन ठेवला.

असे सात-आठ महिने गेले. माझे यजमान म्हणायचे, येतात ना, मग झालं तर. पण मला ती पिशवी बोचायची. बोलणार नाही, बसणार नाही, पाणी पिणार नाही, आणि शेवग्याच्या शेंगा मात्र आणून देणार. मला वाटायचं, बाबा मला शिक्षा देत आहेत आणि ती मला मिळायलाही हवी. दोन्ही एकदम वाटायचं, त्यामुळे शेंगांची आमटी मी करायचे आणि सगळी यजमानांच्याच ताटात वाढायचे.

एका रविवारी माझा तोल सुटला. आवाज ऐकला आणि मी पिशवीची वाट न बघता सरळ गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता काय माझ्या अंगावरून जाल का! बाबांनी मला पाहिलं आणि ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली, डावीकडे कलली, आणि बाबांना ती सावरता आली नाही. गाडी पडली, बाबा पडले, गल्लीभर वांगी पसरली.

त्यांना उठवताना मी त्यांचा डावा हात धरला आणि तेव्हा मला कळलं. त्यांची बोटं माझ्या हातात मिटेनात. दोन तर काठीसारखी ताठ होती.

"हे काय झालं?"

"गेल्या आखाडात, तेरवी झाल्यावर चारच दिवसानं, एका बैलानं हिसका देल्ला. दाव्याचा वेढा हाताले होता."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुले सांगतलं असतं तं तू गाडी विकाले लावली असती."

ते खरंच होतं. लगेच विकली असती.

पायरीवर बसून त्यांनी पाणी प्यायलं. घराच्या आत तेव्हाही आले नाहीत. मग थोडं थोडं करून सांगितलं. त्या हातानं क्लच दाबला जात नाही, म्हणून ते क्लचशिवायच गिअर टाकायला शिकले होते. एकदा चाकं फिरू लागली की काही अडत नाही. अडतं ते निघताना. त्यासाठी उतार लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, उतारावरून सोडायची आणि घरंगळू लागली की पहिला टाकायचा. म्हणून तेव्हापासून बाबांचं सगळं जाणं-येणं उतारांवर बेतलेलं होतं. ज्या मित्राचं घर चढावर आहे त्याच्याकडे रोज चहा, आणि ज्याचं सपाटीवर आहे त्याच्याकडे नुसता हात वर. तो बिचारा मित्र म्हणे गावभर विचारत फिरत होता की माझं काय चुकलं. दळण त्यांनी वरच्या गिरणीवर हलवलं, केससुद्धा ते आता देवळाच्या चढावर बसणाऱ्या न्हाव्याकडे कापून घेत. आणि आमचे प्लॉट तर पूर्वीचं कपाशीचं वावर, परातीसारखं सपाट.

"थांबलो तं मंग निंगू कसा?" बाबा म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही आलं. सात-आठ महिने मी जिला शिक्षा समजत होते, तो जमिनीचा सपाटपणा होता. पण पुढच्याच क्षणी माझ्या कारकुनी डोक्यानं हिशेबातली चूक पकडली. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे नाल्यावर पूल आहे आणि त्याला चांगला उतार आहे. बाबांच्या नजरेतून तो सुटणं शक्य नाही.

"मग गाडी पुलावर लावून चालत का नाही आलात?"

बाबा पायरीवरून उठले. खाली वाकून उजव्या हातानं वांगी गोळा करू लागले.

मी म्हटलं, तुम्हाला एकटं सोडणार नाही, मागं बसून घरापर्यंत येते. गाडी ढकलत आम्ही पुलापर्यंत गेलो. ते हँडल धरून, मी मागून. भीती मला होतीच. हे सगळं एक दिवस बंद करावं लागेल आणि ते मलाच करावं लागेल, हेही कळत होतं. पण त्या दिवशी माझ्याच्यानं ते होईना.

पुलावर त्यांनी किक मारली, मी बसले आणि त्यांनी ब्रेक सोडला. गाडी घरंगळू लागली. पायाखाली खट् झालं, जरा गचका बसला आणि आम्ही चालू लागलो. डांबरी रस्त्याला लागल्यावर मी खाली वाकून त्यांचा डावा पाय बघत राहिले. ते पंजा आधीच गिअरच्या दांडीवर टेकवून ठेवायचे, दाबायचे नाहीत. इंजिनाचा आवाज एका उंचीला पोचला की उजवं मनगट किंचित सैल व्हायचं, आणि तेवढ्यात पुढचा गिअर पडायचा, कुरकुर नाही की काही नाही.

"जोर लावता का तुम्ही?" मी ओरडून विचारलं.

"जोरानं गिअरचे दात तुटतेत. इंजिनाची वढ सुटली का गिअर आपसूक पडते. थे सुटेपर्यंत थांबा लागते, बस."

मी त्यांच्या पाठीमागे होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना. समोर दोरीनं ओढल्यासारखा सातपुडा जवळ येत होता. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर पुन्हा कधीच नाही.

"बाबा, त्या दिवशी सकाळी आईनं मला फोन केला होता."

त्यांनी गाडी जरा हळू केली.

"छातीत जळजळ होते म्हणाली. मी ऑफिसला निघाले होते. म्हटलं, पित्त असेल, थंड दूध पी. दवाखान्यात जा असं मीच नाही म्हणाले, बाबा. तेरवीला मी तुम्हाला बोलले ते सगळं माझं होतं."

हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, यजमानांनाही नाही. आठ महिने होत आले होते आणि ते थंड दुधाचं वाक्य माझ्या पोटात जसंच्या तसं होतं. मी ओढणी डोळ्यांना लावली आणि त्यांच्या पाठीला डोकं टेकलं.

रस्ता चढू लागला. त्यांनी गाडी एक गिअर खाली आणली आणि चढ पार केला.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "मी तिच्या बाजूलेच बसेल होतो. फोन तिनं स्पीकरवर लावला होता."

मला काही वेळ कळेचना की त्यांनी काय सांगितलं. मग ते सगळं दृश्य डोळ्यांपुढे आलं. तेरवीची पानं, नातेवाईक, हातात पातेलं घेतलेले बाबा आणि तोंड वर करून बोलणारी मी.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"सगळ्यायसमोर?"

वारा कानात शिरत होता. मी त्यांच्या शर्टाला घट्ट धरून बसले होते.

"अन् तुह्या घरात येऊन बसलो असतो," बाबा म्हणाले, "तू पुन्हा थेच बोलली असती, तं एखाद् दिवशी थ्या फोनाचं माह्या तोंडून निंगून गेलं असतं. म्हून थांबत नोतो, माय."